वहिनीनं सांगायची गोष्ट

आई गेल्याचा चाळिसावा दिवस उद्यावर आला होता. अंगणात कुलीपाकाकू मोठ्या कढईत बोरसोक तळत होत्या आणि आईची थोरली लेक बुरुलाय पीठ लाटून त्याचे चौकोन कापून देत होती. तळणीचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणतात. बुरुलाय राजधानीत, बिश्केकला ग्रंथालयात नोकरीला होती, पुष्कळ वाचलेली. तरी वाऱ्यानं धूर डोंगरातल्या कबरींकडे वळला की तिचा हात थांबायचा.

"सेझिम कुठं उलथली? आईच्या कार्याला लेकीनं हात लावू नये?" काकू म्हणाल्या.

सेझिम तेरा वर्षांची, आईचं शेंडेफळ. कालपासून ती जेवली नव्हती. सकाळी तिनं आपले नवे बूट चुलतबहिणीला देऊन टाकले. बुरुलायला वाटलं, दुःख आहे. कसं बाहेर पडेल सांगता येत नाही.

ती घरामागच्या ओढ्यावर गेली. सेझिम बर्फासारख्या पाण्यात काहीतरी चोळत होती. ताईला पाहताच तिनं ते पाठीमागे लपवलं.

"ताई, मला आईशेजारीच पुराल ना?"

"काय बोलतेस हे?"

"मला आईचंच झालंय. रक्त जातंय."

गर्भाशयाच्या आजारानं आई गेली होती. शेवटी शेवटी तिच्या चादरी सेझिमच धुवायची.

बुरुलायनं तिचे गारठलेले हात ओढणीत गुंडाळले, तिला घरात आणून शेगडीपाशी बसवलं आणि ती अंगणात आली.

"काकू, तिला पाळीबद्दल कुणी काहीच सांगितलं नाही?"

"हळू बोल! नुरझियानं सांगितलं असेल की. आपल्यात वहिनीचंच काम ते."

"तुमची सून रशियाला कामाला गेली तेव्हा सेझिम नऊ वर्षांची होती."

काकूंचा झारा थांबला. "मला वाटलं, तुझ्या आईनं तिला फोनवर सांगायला लावलं असेल."

"आणि आईला वाटलं असेल, तुम्ही लावाल."

"मग आता लाव फोन. नाहीतर शेजारची सून घेऊन येते उसनी. तू नको बोलूस. सख्खी बहीण तू! पुढं एकमेकींच्या तोंडाकडं कसं बघाल?"

"बघायला आता आम्ही दोघीच उरलोय, काकू."

आत येऊन तिनं दार लोटून घेतलं, पण ते पुरतं लागलं नाही. मग तिनं धाकटीला सगळं सांगितलं. दर महिन्याला गर्भाशयात अस्तर तयार होतं, मूल राहिलं नाही की ते रक्ताबरोबर बाहेर पडतं. सुरुवातीला तारखा मागंपुढं होतील. थोडं दुखेल, फारच दुखलं किंवा फार रक्त गेलं तर डॉक्टरकडं जायचं. मूल कसं राहतं, तेही सांगितलं. आणि तुझ्या मर्जीविरुद्ध तुला कुणी हात लावायचा नाही, लावला तर मला सांगायचं, हेही.

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"नाही गं राणी. मोठी होतेयस."

"मग आईचं?"

"आईची पाळी केव्हाच थांबली होती. थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं असतं. आई वर्षभर बोलली नाही."

"तुलासुद्धा?"

"लेकींना कसं सांगायचं, म्हणून." बुरुलायनं शेगडीतले निखारे सारखे केले. सेझिम सरकून तिला टेकून बसली.

मग सेझिमनं हळूच विचारलं, "गणिताच्या बाईंनापण येते?"

"त्यांनापण."

"त्यांची तारीख एका दिवसानंसुद्धा चुकत नसेल."

दोघींना हसू फुटलं. दार ढकलून काकू आत आल्या, हातात दुधाचा गरम चहा. "उद्या चाळिसावा आणि इथं खिदळणं चाललंय!"

"काकू," सेझिम म्हणाली, "तुमची थांबलीय ना?"

"आगाऊ कार्टी! मोठ्यांना असलं विचारतात?"

"पुन्हा काही दिसलं तर सांगाल?"

"कुणाला सांगू?"

"मला सांगा. मी ताईला सांगेन."

काकूंनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं कपाळ पुसलं, मग डोळेही. चहाची वाटी सेझिमच्या हातात देत त्या तिच्याजवळ बसल्या.

"सांगेन," त्या म्हणाल्या. "पी आता, निवेल."