गॅरेजमागचे अंगण

मी एक जुने अंगण आहे, तेही गॅरेजच्या मागचे. त्यामुळे माझ्याकडे फुलझाडांच्या गोष्टी असतील अशी आशा धरून बसू नका, मित्रांनो.

गॅरेज होण्यापूर्वी माझ्या अंगावर साधे गवत होते, मुंग्या होत्या, आत गांडुळांची ये-जा होती. मग गॅरेज थाटायला उस्ताद आले, गाड्या दुरुस्त करणारे. माणूस हाताचा कुशल, मनाचा मोकळा. गाडीतले जुने, काळे ऑइल काढले की ते माझ्यावर शिंपडत. "धूळ उडत नाही," म्हणत. वर्षानुवर्षे हे चालले. मी काळे पडले, कडक झाले. पावसाचे पाणी मुरेना, वरच साचे आणि त्यावर रंगीत तवंग पसरे. बघणारे म्हणत, "काय सुंदर!" माझा मात्र जीव गुदमरत होता.

पुढे उस्तादांचे गुडघे थकले, गॅरेज बंद झाले. घरात नात आली. ती रांगायला लागली आणि सारखी माझ्याकडे झेपावू लागली. तिची आई तिला घट्ट धरून ठेवी. उस्ताद म्हणाले, "सिमेंट ओतून टाकू, विषय संपला." सिमेंटखाली गेल्यावर मला कोण विचारणार होते?

"बाबा, थोडं थांबा," सून म्हणाली. ती रोपवाटिकेत कामाला होती. "आधी गवत लावून बघते. गवतानं माती साफ होते."

"ऑइलमध्ये गवत?" उस्ताद हसले. "बघ बाई. नाहीच जमलं तर सिमेंट आहेच."

तिने मला खणून भुसभुशीत केले, शेणखत मिसळले, गवत लावले. पहिले जळून गेले. दुसरे पिवळे पडले, पण तगले. त्याची मुळे आत शिरली तेव्हा किती बरे वाटले म्हणून सांगू! कोणी हलकेच पाठ खाजवावी तसे.

मग सून लेकीला घेऊन चार दिवस आईकडे गेली आणि उस्तादांनी घोळ घातला. ती परतायच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे गवत मुळासकट उपटले. ती दारात येताच ऐटीत म्हणाले, "फिल्टर काढला बघ! घाण भरलेला फिल्टर कोण आत ठेवतं?"

सुनेने उपटलेला एक झुपका उचलला. "अहो बाबा, हा फिल्टर नाही. मुळांशी बारीक जीव वाढतात, ते ऑइल खाऊन संपवतात. मुळंच गेली तर त्यांनी राहायचं कुठे?"

उस्तादांचा चेहरा खर्रकन उतरला. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून ते एकेक झुपका परत लावू लागले. इतक्या वर्षांत त्यांचा हात मला मायेने पहिल्यांदाच लागला, मित्रांनो. "चुकलंच माझं," ते पुटपुटले. सुनेला की मला, कोण जाणे. माझा सगळा राग तिथेच गेला.

बरेच झुपके मेले, थोडे जगले. त्या थोड्यांनीच पुढे मला हिरवे केले. पाणी मुरू लागले. सुनेने माझी माती तपासून घेतली, पुन्हा तपासून घेतली, आणि एके सकाळी हसत म्हणाली, "बाबा, आता सोडा पोरीला अंगणात."

तोवर नात धावायला शिकली होती. ती अनवाणी आली, धपकन बसली आणि दोन्ही हातांनी मला उकरू लागली.

"अगं, हात काळे होतील!" उस्ताद सवयीने ओरडले.

तिने तळवे वर करून दाखवले. मातीने माखले होते, पण काळे नव्हते. उस्तादांनी ते तळवे तसेच आपल्या गालांना लावले.

मित्रांनो, अंगावर कोणी काही ओतू लागले तर तुम्ही बाजूला सराल. मला सरकता येत नाही. हातातला डबा रिकामा करण्यापूर्वी एकदा खाली बघा, एवढेच मागणे आहे.