दारावरचं टोपलं

सांजबागेत दाराला कुलूप लावणारा माणूस एकच, आमचा व्यवस्थापक ज्ञानेश्वर. तोही ऑफिसला लावतो, कारण आत चहाची साखर असते. बाकी आम्ही चोवीस घरं. सगळे सत्तरीच्या आसपासचे, जन्मभर भाजीपाला पिकवून म्हातारे झालेले. मुलं पुण्याला, नागपूरला, हैदराबादला. पुलगावजवळ, नाचणगावच्या रस्त्याला ही घरं त्यांनीच पाहून दिली. पुढे ओटा, मागे तीन वाफे, फाटकावर पहारेकरी आणि कॅमेरा. स्वतंत्र राहा आणि सुरक्षित राहा, असं जाहिरातीत छापलं होतं. पहिलं खरं होतं.

कुलपाचं म्हणाल तर आम्ही वावरात जाताना आयुष्यभर नुसती कडी लावली. इथे कुलूप लावायचं म्हणजे शेजारणीला तोंडावर चोर म्हणण्यासारखं. उलट बाहेरगावी जाताना आम्ही दाराच्या खिळ्याला भाजीचं टोपलं उपडं अडकवायचो. टोपलं दिसलं की शेजाऱ्यानं समजायचं, घरी कोणी नाही, हिच्या वाफ्यांना पाणी द्यायचं आहे. ही पद्धत मी काढली. सहा वर्षांपूर्वी तिचं फार कौतुक झालं होतं आणि मी ते चवीनं करून घेतलं होतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी भाच्याच्या साखरपुड्याला कारंज्याला गेले आणि तिसऱ्या दिवशी परतले. टोपलं जागेवर होतं. शेजारच्या कोकिळानं वांग्यांना पाणी दिलेलं होतं. फक्त कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेली सोन्याची एकदाणी नव्हती. सासूनं स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलेली. मी घर तीनदा उपसलं, मग जमिनीवर बसून पोटभर रडले. आणि तोंड धुऊन बाहेर आले ती कोणाला काही न सांगता.

कारण अश्विन. माझा मुलगा पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो. मुलगा चांगला आहे, सून त्याच्याहून चांगली आहे, भांडायला सुद्धा जागा ठेवत नाही. त्यांच्याकडे मी चार महिने राहून पाहिलं. सकाळी दोघं कामावर गेली की घरात मी आणि वॉशिंग मशीन. गॅलरीत कुंड्या आहेत, त्यांत प्लास्टिकची फुलं. मी सांजबागेत राहायला निघाले तेव्हा अश्विननं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, "आई, तिथे काहीही झालं, अगदी छोटंसं जरी झालं, तरी मी तुला घेऊन येणार. मग तुझं काही ऐकणार नाही."

एकदाणी गेली होती. घर तरी राहू दे, असा मी हिशेब केला. पुढच्या वेळी गावाला जाताना टोपलंही लावलं. नसतं लावलं तर सगळ्यांनी विचारलं असतं, काऊन नाही लावलं म्हणून.

जानेवारीतल्या एका मंगळवारी कोकिळा आर्वीला जायला निघाली. जया, तिची मुलगी, तिथे असते. कोकिळा माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि कोणत्याही गोष्टीत हसायला काहीतरी शोधून काढणारी. आमची सहा वर्षं भिंतीला भिंत.

"सुमित्राबाई, परवा येतो मी. वांग्याइले पाणी टाकजा."

"टाकतो नं. तू जा, एसटी सुटन तुही."

टोपलं अडकवून ती गेली. मी पाहिलं ते एवढंच. पुढचं नंतर कळलं. बसथांब्यावर तिला गरगरलं. ती परत फिरली, आणि फाटकानं न येता मागच्या कुंपणातून आली. तिथे आम्ही एक वाट केलेली होती. अण्णाजींनी, म्हणजे पंधरा नंबरच्या गृहस्थांनी, स्वतःच्या पकडीनं चार तारा तोडल्या होत्या. बसथांबा जवळ पडावा एवढंच कारण. ज्ञानेश्वरला माहीत होतं, तोही त्याच वाटेनं जायचा. कॅमेरा मात्र पुढच्या फाटकावर. आम्ही बाजारातून काय आणलं ते तो इमानेइतबारे टिपायचा.

कोकिळा मागच्या दारानं घरात शिरली आणि पलंगावर पडली. पुढच्या दारावर टोपलं तसंच होतं.

नऊच्या सुमारास मी पाइप घेऊन तिच्या वाफ्यात गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी पाहिलं ते. वाऱ्यानं कडी निघाली असेल म्हटलं, बाहेरून नीट घातली आणि अर्धा तास वांग्यांना पाणी देत बसले. वर दोन तण उपटून कोकिळाच्या आळशीपणावर मनातल्या मनात बोललेसुद्धा.

साडेबाराला जयाचा फोन आला. "मावशी, आई आली नाही अजून. फोनही उचलून नाई राह्यली."

मी टोपलं बाजूला सारून दार उघडलं. कोकिळा पलंग आणि कपाटाच्या मधे पडली होती. डोळे उघडे, ओठ पांढरे. कपाट सताड उघडं. तिच्या डोक्यावर, भिंतीवर, संकटात दाबायचं लाल बटण होतं. ते दाबलं की पहारेकऱ्याच्या खोलीत घंटा वाजते. आधी ते पलंगाच्या उंचीवर होतं. पण दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं दिवसभर ते दाबायची, पहारेकरी दिवसभर धावायचा, म्हणून आम्हीच अर्ज देऊन सगळ्या घरांतली बटणं वर सरकवून घेतली. उभ्या माणसाचा हात पोचेल अशी. पडलेल्या माणसाचा विचार चोवीस म्हाताऱ्यांतल्या एकाच्याही डोक्यात आला नाही.

तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. वर्ध्याला दवाखान्यात नेलं. तिनं पोलिसांना सांगितलं ते असं. तोंडाला दुपट्टा बांधलेला माणूस मागच्या दारानं आला आणि पलंगाकडे न बघता सरळ कपाटाशी गेला. ती म्हणाली, "कोन हाय रे?" तो तिच्याहून जास्त दचकला. ती उठून आडवी आली, त्यानं ढकललं आणि पळाला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात आम्हाला सगळ्यांना बसवलं. चौकशीला आलेल्या फौजदार बाई, आकांक्षा मॅडम, माझ्या नातीच्या वयाच्या असतील. टोपलं त्यांनी टेबलावर ठेवलं होतं.

"घर रिकामं आहे असं समजून तो आला. ते त्याला कशावरून कळलं, ते या टोपल्यावरून समजतंय," त्या म्हणाल्या. "आता सांगा, याआधी कोणाकडे असं काही झालंय?"

ज्ञानेश्वर घाईनं म्हणाला, "नाही मॅडम. सहा वर्षांत एक तक्रार नाही."

ते खरंच होतं. तक्रार नव्हती. मी टोपल्याकडे बघत होते. काठाला माझ्याच हातची वीण होती. बोलले तर शनिवारपर्यंत पुणं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि न बोलले तर पुढच्या कपाटापुढे कोण आडवं येईल, तेही दिसत होतं. मी उठले.

"माह्या घरी झालतं. दिवाळीच्या आधी. म्या सांगतलं नाई."

मग अण्णाजी घसा खाकरत म्हणाले, "माहं घड्याळ गेलं न् मोबाइल. नोव्हेंबरात." कुसुमबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांच्या बांगड्या. मागून आणखी एक हात वर झाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "चार घरं? आणि एकानंही सांगू नये?"

"सांगतलं असतं तं पोट्टे घेऊन गेले असते नं, मॅडम," अण्णाजी म्हणाले.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हणून तो पुन्हा पुन्हा येत होता, आजी. इथे कोणी बोंब मारत नाही हे त्याला कळलं होतं."

तिसऱ्या दिवशी माणूस सापडला. रस्त्याकडेच्या झाडांच्या ठिबकच्या नळ्या दुरुस्त करायला यायचा तोच. टोपल्याचा अर्थ त्याला चहा पाजून आम्हीच सांगितला होता. एकदाणी त्यानं केव्हाच विकून टाकली होती.

अश्विनला मीच फोन केला. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. तो शनिवारी गाडी घेऊन आला. ओरडला नाही, ओरडला असता तर मला भांडता आलं असतं. त्यानं गुपचूप माझ्या साड्या बॅगेत भरल्या, त्याही नीट घड्या घालून. मी शब्द दिलेला होता. फक्त म्हटलं, जाताना वर्ध्याला दहा मिनिटं थांबव.

पोलिसांसमोर बोलणं सोपं होतं. कोकिळासमोर नव्हतं. ती उताणी पडून होती, पायाला वजन बांधलेलं. मी खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. एकदाणी, गप्प बसणं आणि ती कडी. "म्या तवाच तोंड उघडलं असतं तं तू आज अशी पडून नसती, कोकिळा."

तिनं मान माझ्याकडे वळवली.

"पाइपाचा आवाज येत होता मले," ती म्हणाली. "तुमाले हाक मारून राह्यलती, पन निंघेच ना गळ्यातून. कडी वाजली तेबी आयकलं. म्हनलं, सुमित्राबाई हाय. वांगे तं वाचले."

मला हुंदका आला. तिनं माझा हात धरला.

"रडू नका. माही पोत गेलती, दसऱ्याले."

"दसऱ्याले?"

"हो. जयाले सांगतलं, लॉकरात ठेवली म्हून. नाई तं ते मले आर्वीले नेऊन बसवते." तिचा आवाज बारीक झाला. "माहं तुमच्या आंधी गेलं, सुमित्राबाई. मी बोलली असती तं तुमची एकदाणी गेली नसती."

खोटं कशाला सांगू, मला आधी रागच आला. दसऱ्यापासून मी कारंज्याला जाईपर्यंत बारा दिवस. बारा दिवस ही बाई रोज माझ्या ओट्यावर बसून चहा पीत होती, आणि त्यानंतर तीन महिने मी तिच्या. मग तो राग कोणावर काढायचा तेच कळेना. मी तिचा हात धरून बसून राहिले.

दारात अश्विन आला. "आई, निघायचं ना?"

कोकिळाला बरं वाटलं की जया तिला आर्वीला नेणार होती, तेही ठरलेलं होतं. मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

"टोपलं लावून आल्या का?" कोकिळानं विचारलं. सवयीनं विचारलं असेल.

"नाई वं," मी म्हटलं. "परत यायचं असलं तं लावतो आपन."