कुंकवाआधीचं मेण

१९९४ साली कोसाडच्या वसाहतीत बंदूक आली ती वर्षाच्या खांद्यावरून. वर्षा म्हणजे कापडाचे लूम चालवणाऱ्या निंबाची लेक, कॉलेजात एनसीसीला. रविवारी नेमबाजीची निवड होती. सरांनी सरावाला छऱ्याची जुनी बंदूक आठवड्यापुरती घरी दिली आणि निंबाने परवानगी दिली ती एकाच खेपेची. निवड झाली तर ठीक, नाहीतर पुन्हा बंदुकीचं नाव काढायचं नाही.

पहिल्याच दिवशी शिशाचा छर्रा मागच्या भिंतीवर आपटून उलटा आला आणि शेजारच्या प्रमिलाबाईंचा माठ फुटला. बाईंची जीभ मुळातच तिखट. "कोनाना डोया फुटता ते?" निंबाने छर्रे कपाटात कोंडले.

वर्षाने मग डोकं लढवलं आणि नळीत कणकेच्या गोळ्या भरल्या. पोळ्या लाटणाऱ्या नेमबाजालाच असली अक्कल सुचायची! दोन बार कसेबसे उडाले, तिसरी गोळी नळीतच वाळून बसली. दुपारभर ती ओट्यावर बसून सळईने नळी खरवडत होती आणि रडत होती.

प्रमिलाबाईंना ते बघवेना. त्या आत गेल्या आणि एक पितळी डबी घेऊन आल्या. कुंकवाआधी कपाळाला लावायच्या मेणाची डबी. नवरा गेल्यापासून दोन वर्षं ती कोणी उघडली नव्हती.

"हाई मेण भर. भिंतले चिटकी, माघारी येवाव नही."

"मावशी, हे नको."

"मन्हा कपायले आते काय उपेग? घे."

माठ फुटला हिचा, आणि देतेयही हीच. या बाईचे उपकार कुठल्या जन्मी फेडायचे, असं वर्षाला झालं.

मग रोज वातीसारखं मेण वळायचं, तुकडे कापायचे आणि पाच पावलांवरून मारायचं. मेणात जुनं कुंकू मिसळलेलं, त्यामुळे कागदावर गुलाबी ठिपके उमटत. ते नेहमी मधल्या वर्तुळाच्या खाली लागत. भाजी निवडता निवडता प्रमिलाबाई ओरडत, "वर धर, वर!"

रविवारी खरे छर्रे हातात आले आणि चाचणीचे तीनही बार वर्तुळाच्या वरून गेले. मग वर्षाच्या ध्यानात आलं, मेणापायी वर धरायची सवय लागली होती. तिने नेम खाली घेतला. हात मात्र एकदाही हलला नाही, तो आठवडाभरात पक्का झाला होता. "बहु सरस!" सर गुजरातीत म्हणाले. निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव दुसरं होतं.

येताना तिने कुंकवाची पुडी घेतली आणि घरी न जाता आधी शेजारी जाऊन पाया पडली. सोबत नेलेल्या डबीत नखाएवढं मेण उरलं होतं. ते तिने बोटावर घेतलं.

"मावशी, लावू?"

प्रमिलाबाईंनी नळावरच्या बायकांकडे एकदा पाहिलं. मग उंबऱ्यावर बसल्या आणि तोंड वर केलं. दिवसभर न हललेला वर्षाचा हात आता थरथरायला लागला.

"हात काब्र हाली ऱ्हायना?" डोळे मिटून त्या म्हणाल्या. "नेम धर."