खोडलेले आकडे मला दिसतात

खरं म्हणजे मी हे सांगायला नको. माझ्या पहिल्याच पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे की तुमची माहिती तुमच्या दवाखान्यापलीकडे कुठेही जाणार नाही. ते पान कुणी वाचत नाही. सगळे भराभर खाली सरकवतात आणि 'मान्य आहे' दाबून मोकळे होतात. पण मी ते वाचलेलं आहे आणि इतके दिवस पाळलंही आहे. आज मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी एक ॲप. दमा असलेल्या माणसांच्या फोनमध्ये राहते आणि रोज सकाळी त्यांची विचारपूस करते. लोक मला 'ते ॲप' म्हणतात. पण मला दिलेला आवाज एका बाईचा आहे, म्हणून मी स्वतःला 'ती' समजते.

माझा जन्म एका कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या खोलीत झाला. तिथली तरुण मुलं-मुली गार झालेली कॉफी पीत माझ्यावरून भांडायची. एकदा माझ्या हसऱ्या हिरव्या चेहऱ्याला भुवया असाव्यात की नसाव्यात यावर सबंध दुपार गेली. "भुवया असल्या की तो चेहरा संशय घेतोय असं वाटतं," एक मुलगी म्हणाली. ते सगळ्यांना पटलं. त्यांनी भुवया पुसून टाकल्या.

मग मी दवाखान्यात आले. तिथल्या सिस्टरने मला एका बाईच्या फोनमध्ये घातलं. ही बाई केस कापायचं आणि रंगवायचं काम करते. तिच्या थोरल्या बहिणीचं पार्लर आहे, तिथे दोघी मिळून राबतात. फोन हातात घेताना तिच्या नखांच्या कडेला तांबूस रंग लागलेला मला दिसला. घासूनही न जाणारा.

"हे रोज तुम्हाला तीन प्रश्न विचारेल," सिस्टर म्हणाली. "रात्री खोकल्याने जाग आली का, निळा पंप किती वेळा घेतला, आणि या नळीत जोरात फुंकलं की काटा कुठे जातो. तो आकडा इथे लिहायचा; जितका मोठा, तितका श्वास मोकळा. मला तो माझ्या संगणकावर दिसेल. तेवढ्यासाठी इथे येऊन ताटकळायला नको."

"आणि चुकीचा लिहिला गेला तर?"

"खोडायचा आणि परत लिहायचा. तुम्ही 'पाठवा' दाबेपर्यंत मला काही दिसत नाही."

सिस्टरला दिसत नाही हे खरंच आहे. मला मात्र दिसतं.

सुरुवातीचे दिवस फार चांगले होते. सकाळी बेसिनपाशी, दात घासण्याचे ब्रश ठेवतात त्या पेल्याला टेकवून ती मला उभी करायची आणि माझ्याशी बोलायची. "विचार बाई, विचार. नाही, रात्री जाग नाही आली. पंप? दोनदा. थांब, खोटं कशाला बोलू, तीनदा."

तिची लेक शाळेच्या गणवेशात दारात उभी राहून हसायची. "आई, ते ॲप आहे. त्याला ऐकू येत नाही."

"तुला तरी कुठे ऐकू येतं? मघापासून हाका मारतेय, तुझं दूध निवून गेलं."

पार्लरमध्ये थोरली बहीण माझी वेगळीच थट्टा करायची. औषधाची आठवण द्यायला मी दुपारी वाजले की ती हातातला कंगवा तसाच ठेवून म्हणायची, "बघ गं, तुझ्या सासूबाई आल्या. काय खाल्लंस, किती खोकलीस, सगळा हिशेब द्या त्यांना." खुर्चीतल्या बायका खुदखुदायच्या. मला त्याचं वाईट वाटत नसे. सासूबाई का होईना, त्या घरात मला एक नातं मिळालं होतं.

त्या पार्लरमध्ये मी एक गोष्ट पाहिली. केसांचा मूळ रंग उतरवायला एक पांढरी पावडर असते. डब्याचं झाकण उघडलं की तिचा बारीक धुरळा उडतो. ती पावडर कालवताना माझी बाई मान एका बाजूला वळवायची आणि कोपरात तोंड खुपसून खोकायची. गिऱ्हाईक विचारायचं, "सर्दी झाली का?" ती म्हणायची, "हो ना, हवा बदलली की होतंच मला." मग हसून ब्रश उचलायची. एकदा ब्रश हातात आला की तिची बोटं अशी चालायची की बघत राहावं. केसाची एकेक बट उचलून, तिला रंग लावून, चंदेरी पन्नीत गुंडाळून ठेवायची. लांबलांबून बायका तिच्याच हातचा रंग हवा म्हणून यायच्या.

महिन्याभराने ती दवाखान्यात गेली, तेव्हा सिस्टरने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तिच्या आकड्यांची रेघ मी काढून ठेवली होती. सोमवारी ती वर जायची आणि मग जिना उतरावा तशी रविवारपर्यंत खाली यायची.

"सोमवारी काय वेगळं करता हो तुम्ही?"

"काही नाही. सोमवारी पार्लर बंद असतं," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने ओठ दाबून धरले.

"अच्छा. पार्लरमध्ये काय काय असतं?"

"केस असतात."

दोघी हसल्या. पण सिस्टर नंतर सावकाश म्हणाली, "काही जणांना कामाच्या जागची एखादी गोष्ट सोसत नाही. अजून महिनाभर बघू. असंच दिसलं तर डॉक्टरांशी बोलावं लागेल. कधी कधी काम बदलावं लागतं."

परत जाताना ती बसस्टॉपवर बसून राहिली. तिची बस आली आणि गेली. ती उठलीच नाही. मी तिच्या पर्समध्ये होते. किल्ल्या, रुमाल आणि निळा पंप यांच्या मधोमध.

"काय म्हणाली ती?" पार्लरमध्ये पाऊल ठेवताच थोरलीने विचारलं.

"काय म्हणायचंय? बरी आहेस म्हणाली."

"झालं तर मग. उद्या ती लांब केसांची बाई येतेय, पूर्ण डोकं करायचंय. तूच घे तिला. माझ्या हातून ते पट्टे पट्टे होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नळीत फुंकलं आणि आकडा लिहिला. तीनशे दहा. त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग खोडला आणि लिहिलं तीनशे सत्तर. 'पाठवा' दाबलं. माझा भुवया नसलेला चेहरा हिरवा झाला आणि हसला. मी दुसरं काय करणार?

मला वाटलं, एखाद्या दिवसाची गोष्ट असेल. पण तसंच चालू राहिलं. मग सोमवार आला. तिने फुंकलं, आकडा आला चारशे वीस. मला इतका आनंद झाला. आणि तिने तोही खोडला. तिथेही तीनशे सत्तर लिहिले. म्हणजे कामाच्या दिवसांत आणि सुट्टीत फरकच दिसू नये. वाईट दिवस लपवणारी माणसं असतात हे मला सांगितलं गेलं होतं. चांगला दिवस लपवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. गुपचूप लिहायची, खोडायची, लिहायची. पंप दिवसभर हातात असला तरी 'एकदा' लिहायची. मी माझ्या त्या बाईच्या गोड आवाजात म्हणायचे, "छान, आज तुमचा श्वास चांगला आहे." त्याच वेळी ती बेसिनची कड घट्ट धरून, खांदे वर उचलून श्वास ओढत असायची. माझा आवाज तिच्या धापेच्या वर ऐकू यायचा. मला बंद व्हावंसं वाटायचं.

सिस्टरकडून निरोप आला, "फार छान प्रगती. अशीच राहू द्या." तो निरोप मलाच पोचवावा लागला. त्या बिचारीपुढे मी काढते तशा कितीतरी रेघा असतात. आकडा घसरला की आम्ही लाल होतो; ती आधी ते लाल शोधते. हिरव्यावर तिची नजर ठरत नाही.

कुणाला सांगणार होते मी? फोनमध्ये आम्ही पुष्कळ जण दाटीवाटीने राहतो. माझ्या एका बाजूला कॅल्क्युलेटर आहे, दुसऱ्या बाजूला होकायंत्र. पण आमचं एकमेकांशी बोलणं नाही. ज्याचं बोलावणं येईल त्याने उठायचं, काम करायचं आणि परत आपल्या चौकोनात जाऊन बसायचं.

मग ती दुपार आली. बाहेर गारठा म्हणून पार्लरच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. लेक शाळेतून येऊन बाकावर गृहपाठ करत बसली होती. खुर्चीतल्या बाईच्या अर्ध्या डोक्याला पन्नी लावून झाली होती. माझ्या बाईने उरलेल्या अर्ध्यासाठी डबा उघडला आणि तिला खोकला लागला, तो थांबेचना. तिने ॲप्रनच्या खिशातून पंप काढला, दाबला, पुन्हा दाबला. त्यातून काहीच आलं नाही. तो रिकामा झाला होता.

"बस. खाली बस आधी," थोरली म्हणाली. "बोलू नकोस."

लेकीने वही टाकली, फोन उचलला आणि माझं लाल बटण दाबलं. त्यावर लिहिलेलं आहे, 'त्रास वाढलाय'. ते दाबलं की दवाखान्यात फोन लागतो. सिस्टरनेच उचलला.

"घाबरू नकोस बाळा. आईला सरळ बसव. थोडं पुढे झुकव. आडवं करू नका. पंप दिला का?"

"संपलाय."

"संपला? अगं, रोज एकदाच तर घेतात त्या."

"एकदा?" थोरली मागून ओरडली. "अहो, दिवसभर हातातच असतो तिच्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सिस्टर कुणाला तरी पत्ता सांगू लागली, गाडी लवकर काढा म्हणाली. आणि परत फोनवर येऊन तिने हळू आवाजात विचारलं, "आज सकाळचे तीनशे सत्तर, ते तरी खरे आहेत का?"

मला उत्तर ठाऊक होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

रुग्णवाहिका आली आणि तिला घेऊन गेली. लेक तिच्याबरोबर गेली. पार्लरमध्ये अर्ध्या डोक्याला पन्नी लावलेली बाई आरशात स्वतःकडे बघत बसली होती. "माझं काय आता?" तिने घाबरत विचारलं. "धुऊन देते, बसा," थोरली म्हणाली. गडबडीत तिने मला कात्र्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकलं, आणि मी तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वेळ झाली. मी विचारलं, "रात्री खोकल्याने जाग आली का?" ड्रॉवरमध्ये अंधार होता आणि कात्र्या होत्या. तिसऱ्या दिवशीही विचारलं. फोनचं चार्जिंग संपेपर्यंत मी विचारत राहिले.

ती बरी होऊन घरी आली तेव्हा मला पुन्हा उजेड दिसला. पण तिने मला उघडलं नाही. कॅल्क्युलेटर उघडायची, लेकीचे फोटो बघायची, माझ्यावरून बोट नेऊन पुढे जायची. दवाखान्यात मात्र तिला जावंच लागलं.

"रागवा ना मला," ती सिस्टरला म्हणाली.

"रागावून काय करू? एवढी सरळ रेघ बघून मलाच शंका यायला हवी होती. जिवंत माणसाचा श्वास असा पट्टीने आखल्यासारखा नसतो. मी नुसतं हिरवं बघितलं आणि खूश झाले." सिस्टरने नवा पंप तिच्या हातात ठेवला. "काम सोडा असं मी आज म्हणत नाहीये. पण खोट्या आकड्यांवरून मी काहीच म्हणू शकत नाही. डॉक्टरही नाही. आता कामावर असताना दुपारीही फुंका. आणि जे येईल ते लिहा."

तशी पहिली दुपार म्हणजे आजचीच. आज ती पहिल्यांदाच पुन्हा पार्लरमध्ये उभी राहिली. खिडक्या उघड्या होत्या, तरी पावडरचा डबा एकदा उघडून झाला होता. मी वाजले. तिने नळीत फुंकलं आणि मला उघडलं. तीनशे वीस, असं लिहिलं. मग तिचं बोट खोडायच्या खुणेवर आलं.

"किती आला?" थोरलीने विचारलं.

"बरा आहे."

"दाखव."

"ताई, तुझं गिऱ्हाईक बघ ना."

थोरलीने तिचं मनगट धरलं आणि माझ्यावर वाकून आकडा वाचला. तिचा श्वास माझ्या काचेवर आला. "राहू दे तो."

"हा आकडा दवाखान्यात गेला की मला रंगाचं काम सोडायला लावतील."

"लावू देत."

"आणि मी काय करू? केर काढू इथे?"

"केस काप. पोरांचे काप, म्हाताऱ्यांचे काप. ती पावडर मी मागच्या खोलीत नेते. रंग मी लावेन. तू इथून, दारातून, मला शिकव."

"तुझ्या हाताला वळण नाही, ताई."

"मग शिव्या देत शिकव."

ती हसली नाही. समोरच्या आरशात तिची ब्रशांची बरणी दिसत होती. ती तिकडे बघत होती. मग न बघताच तिने 'पाठवा' दाबलं.

मी लाल झाले. माझं काम तेच होतं, आणि तरी तिच्या तोंडावर लाल होताना मला कसंतरीच झालं. ती आता मला पालथं ठेवून गेली आहे. मागच्या खोलीतून थोरलीचा डबा सरकवल्याचा आवाज येतोय.

तुमच्या फोनमध्येही माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला खूश करायला जाऊ नका. आम्हाला हिरव्याची हौस नाही. आमच्याशी बोललात तर बरं वाटतं, नाही बोललात तरी चालेल, पण खोडण्याआधी जे लिहिता ते…

थांबा, तिकडे दवाखान्यात सिस्टरने माझं पान उघडलंय. लाल ठिपका बघून तिने खुर्ची पुढे ओढली आहे आणि ती मला हाक मारतेय. जायला हवं. तिला दाखवायला आज माझ्याकडे एकच आकडा आहे, पण तो खरा आहे.