शैलजाच्या पाठीचं माप

घरचा पलंग अठरा हजारांचा आणि त्याच्या उशाशी लावायची मखमली पाठ एकोणतीस हजारांची. याला नाकापेक्षा मोती जड म्हणतात, आणि मी ते मेहकरच्या त्या दुकानात, मालकाच्या तोंडावर म्हटलं. मालक हसला. शैलजा हसली नाही. तिने त्या राखाडी मखमलीवरून एकदा तळहात फिरवला आणि म्हणाली, "चला, साडेपाचची गाडी चुकेल."

शैलजा माझी बायको. एकतीस वर्षं बीबी गावच्या शाळेत शिकवून ती मे महिन्यात निवृत्त झाली. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी आल्यावर मीही मोठ्या मनाने विचारलं, "तुले माझ्याकडून काय पाहिजे, सांग." मला वाटलं, साडी म्हणेल. ती म्हणाली, "पलंगाले मागून टेकायची गादी असते ना, हेडबोर्ड म्हणतात, ते." लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण तिने स्वतःसाठी तोंड उघडून मागितलेली ही पहिलीच वस्तू होती. आणि मी तिला दुकानात नेऊन नाकाची आणि मोत्याची गोष्ट सांगून आलो. तहसील कचेरीत तेहतीस वर्षं लोकांच्या अर्जांत खोट काढली. जिभेला तेच वळण लागलंय, दुसरं काय!

परतीच्या एसटीतही माझं चालूच होतं. माणूस झोपला की डोळे मिटलेले असतात, मग मखमल बघतं कोण? आपल्याकडे डोक्याला तेल, त्यात उन्हाळ्याचा घाम. महिन्याभरात त्या मखमलीचं पायपुसणं होईल. आणि आत असतं काय, तर प्लायवूड आणि फोम. सुलतानपूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

शैलजाने इतक्या लवकर माझं बरोबर ठरवलं की माझं काहीतरी चुकलेलं असतं, एवढं मला आता कळतं. दुसऱ्या दिवशी मी पलंगाचं माप कागदावर लिहून शालिग्रामकडे गेलो. आमच्या लोणारच्या बसस्टँडजवळ त्याचं दुकान आहे. मोटारसायकलच्या आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवतो. त्याला म्हटलं, तसलीच पाठ बनव, पण अर्ध्या पैशात.

त्याने कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "साहेब, हे पलंगाचं माप झालं. बाईचं माप कुठाय?"

"बाईचं कशाला? पलंगाला लावायचंय ना?"

"पलंग थोडाच टेकते! टेकतात बाई. बसल्यावर खांदा कुठं लागते, मान कुठं येते, ते मले पाहिजे. ट्रॅक्टरची सीट बी मी मालकाले बसवूनच करतो. दुकानातलं महाग काऊन वाटते सांगू? मखमलीपायी नाही. ते कोणाच्याच मापाचं नसते. पाठीले नाही लागलं त फुकटात बी महाग पडते."

"बरं, सांगतो उद्या," म्हणून मी निघालो. जाताना डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला की शैलजा टेकून बसते तेव्हा कशी दिसते. दिसेना. उभी दिसली, वाकलेली दिसली, पोळ्या लाटताना दिसली. टेकलेली काही दिसेना.

मग दोन दिवस मी तिच्यावर नजर ठेवली. सकाळी ती भाजी निवडायला बसली, ती भिंतीपासून हातभर पुढे. दुपारी पेपर वाचला, तो पलंगाच्या कडेला, पाठ ताठ ठेवून. संध्याकाळी शेजारच्या बेबीताई आल्या. त्या आल्या आल्या भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसल्या, आणि ही घरची मालकीण त्यांच्यासमोर मांडी घालून अशी बसली, जणू शाळा तपासायला साहेब आलेत.

तिसऱ्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "शैलजा, तू कधी टेकून काऊन बसत नाहीस?"

"सवय नाही."

"अशी कशी नाही? आणि नाही तर मग हेडबोर्ड कशाले पाहिजे?"

ताटातला एक खडा तिने बाजूला टाकला. "तुम्हीच म्हटलं होतं."

"मी? कधी?"

"पहिल्या दिवाळीले. घराले नवा रंग दिला होता. मी टेकली अन् डोक्याचं तेल भिंतीले लागलं. तुम्ही आईंसमोर म्हणाले, पाठीत कणा नाही का, भिंत कशाले पाहिजे? मग नाही टेकली." आवाजात राग नव्हता. बसचं वेळापत्रक सांगावं तसं तिने सांगितलं.

मला ते आठवेना. वीस वर्षांपूर्वीचा अर्ज मी तारखेवरून शोधून काढायचो आणि हे वाक्य माझ्याकडे कुठेच नव्हतं. मी ते बोललो असेन आणि फराळाला बसलो असेन. तिने मात्र ते चौतीस वर्षं पाळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऊठ," मी म्हणालो. "भिंतीला टेक. शालिग्रामला माप पाहिजे."

ती उठली, पलंगावर चढून भिंतीपाशी बसली. तरी पाठ आणि भिंत यांच्यात दोन बोटं जागा होतीच. मी पेन्सिल घेऊन थांबलो. शेवटी टेकली. मी खांद्याशी एक खूण केली, मानेशी दुसरी. खुणा माझ्या अंदाजापेक्षा चार बोटं खाली आल्या. पलंगापासून दोन्ही खुणा मोजून मी कागदावर उतरवल्या.

शालिग्रामला म्हटलं, फोम सगळ्यात चांगला घाल, कापड बाईंना निवडू दे आणि पैशाचं मला विचारू नकोस. पंधरा दिवसांनी त्याने पाठ आणून बसवली. बारा हजार झाले. पहिल्यांदाच मी कुठल्या बिलात खोट काढली नाही.

तो गेल्यावर शैलजा पलंगाच्या कडेला बसली. मग थोडी मागे सरकली, मग आणखी थोडी. आधी पाठ लागली, मग मान. तिने डोळे मिटले. खांदे हळूहळू खाली आले, तेव्हा कळलं की इतकी वर्षं ते वरच होते. मी समोर उभा, निकालाची वाट बघत.

"कसं वाटतं?" अखेर विचारलंच.

"चांगलं आहे." तिने कापडावरून एकदा तळहात फिरवला. मग म्हणाली, "चिन्मयच्या वेळी पाहिजे होतं हे."

चिन्मय आमचा मुलगा, पुण्याला असतो.

"सातवा लागला तसं पाठ लय दुखायची. बीबीहून येताना एसटीत जागा नाही मिळायची. घरी आली की वाटायचं, पाच मिनिटं कुठंतरी टेकावं."

"तेव्हा असलं मिळत होतं कुठं आपल्याकडे?" मी घाईने म्हणालो. "मेहकरलाही नव्हतं. बुलढाण्याला एखाद्या दुकानात असेल तर..."

तिने डोळे उघडले नाहीत.

"भिंत होती," ती म्हणाली.