तारेचा सूर

"ताणलेल्या तारेच्या रेषेत उभं राहायचं नाही, सूनबाई. ती तुटायच्या आधी सांगत नाही."

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी बजावलं होतं. तिनं हसून 'हो बाबा' म्हटलं आणि विसरूनही गेली.

बाबांनी चाळीस वर्षं लिफ्टच्या तारा ताणल्या होत्या. आता घरामागच्या शेडमध्ये ते पंपाच्या मोटारी दुरुस्त करत. जड मोटार उचलायला भिंतीतून पुढे आलेली लोखंडी तुळई होती आणि तिला वरून धरून ठेवणारी जाड तार. तारेचा ताण बाबा बोटानं मोजत. टिचकी मारायची, ऐकायचं, स्क्रू आवळायचा. लेकानं आणलेला ताणकाटा, सुईनं ताण दाखवणारा, खोक्यातच पडून होता. "मी सुईला विचारू? सुईनं मला विचारावं!"

त्या सकाळी ते नवी तार चढवत होते. दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन ती दारात आली, तेव्हा तार वाजली.

"ढिलीच आहे अजून," बाबा पुटपुटले. आणखी एक फेरा. टिचकी. आवाज चढला.

"ढिलीच."

पुढच्या टिचकीला तार अशी किणकिणली की लेकीनं दचकून तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. बाबांनी पुन्हा पान्हा उचलला.

"बाबा, बास!"

ते वळलेच नाहीत.

दारावरची बेल, कुकरच्या शिट्ट्या, मागून मारलेल्या हाका... 'बाबा तंद्रीत असतात' म्हणून घरानं सगळं हसण्यावारी नेलं होतं. लेकीच्या शिंकासुद्धा मोजणाऱ्या तिला हे कसं दिसलं नाही?

ती धावणार तोच पाय थबकला. ती तारेच्या बरोबर रेषेत उभी होती. मागे फिरून तिनं लेकीला आतल्या खोलीत ठेवलं, कडी लावली आणि भिंतीच्या कडेकडेनं जाऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तार किंचाळतेय, बाबा."

"काहीतरीच! ऐक." त्यांनी टिचकी मारली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आवाजानं तिचे डोळे घट्ट मिटले होते. मग पान्हा खाली ठेवला.

"मला नाही गं येत ऐकू."

स्क्रू कुठवर आवळला होता तिथं त्यांनी खडूनं खूण केली, बाजूला उभं राहून तार सैल सोडली. खोकं स्वतःच उघडलं. तारेच्या टोकाची जोडकडी काढून तिच्या जागी तेवढ्याच लांबीचा काटा अडकवला आणि परत आवळू लागले. सुई धोक्याच्या लाल पट्टीला टेकली, तेव्हा खडूच्या खुणेला अजून दोन फेरे बाकी होते.

बाबा स्टुलावर बसले. "दोन फेरे जास्त!"

थोड्या वेळानं उठून त्यांनी स्क्रू हवा तेवढा सैल केला, बाहीनं काट्याची काच पुसली. टिचकी मारायला बोट उचललं, आणि तारेवर नुसतं टेकवलं.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, सगळ्यांनी तंद्रीत आहे असं ठरवून टाकलेलं. आज एकदा त्यांच्या पाठीमागे उभं राहून हळूच हाक मारून पाहा.