गाय वगळून केलेला गॅस

मी गोठ्यामागची गॅसटाकी बोलतेय. नाकाला रुमाल लावू नका, तुम्ही माझ्यापासून बरेच लांब बसला आहात. माझ्याजवळून जाणारा प्रत्येक जण नाक मुरडतो, आणि मग घरात जाऊन माझ्याच गॅसवर उकळलेला चहा पितो. माणसांची एवढी ओळख मला पुरे होती. पण पुढं जे पाहिलं ते याच्याही वरताण निघालं.

जमिनीत खोल विटांची विहीर, तिच्यावर उपडी घातलेली लोखंडी टोपी आणि शेजारी शेण-पाणी कालवायची कुंडी, असा माझा अवतार. पोटात गॅस भरला की टोपी वर चढते, संपला की खाली बसते. मला बांधणारा गवंडी मोठा तिरसट होता. काठोकाठ पाणी भरून त्यानं मला पारखलं आणि "गळणार नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून तो चालता झाला. त्यांचं त्यांनी कसं बघितलं, तेच सांगते.

मला बांधून घेणारे म्हातारे मालक गेले. त्यांच्यामागं थोरला मुलगाही गेला. गोठा थोरल्या सुनेकडे आला आणि शेत धाकट्या मुलाकडे. तिला सगळे थोरली म्हणतात, त्याला धाकटा. थोरलीकडे सात गाई होत्या. त्या धाकट्याच्या शेतातला चारा खात, शेण माझ्याकडे येई, माझ्या पोटातले जंतू ते पचवत, गॅस शेगडीला जाई आणि पचून उरलेली पातळ स्लरी खत म्हणून परत शेतात. कुणाचं काही अडत नव्हतं, त्यामुळं कुणाला त्याचं कौतुकही नव्हतं.

मग देशाला शुद्ध आली. जमिनीखालचं तेल संपत चाललंय, तेव्हा आता शेतजमिनीतूनच इंधन काढायचं, असं मोठ्या शहरात बसलेल्या लोकांनी ठरवलं. एक इंजिनिअर आमच्याकडे आला. माणूस हुशार होता, हे मान्य करायला हवं. त्यानं बांधाकडेला उंच वाढणारं गवत लावायला सांगितलं, ते कडबाकुट्टीत बारीक करवलं आणि रोजच्या शेणात थोडं थोडं मिसळून मला दिलं. खरं सांगते, मला ते मानवलं. माझी टोपी कधी नव्हती इतकी वर चढली. शेगडी पेटून उरलेल्या गॅसवर एक छोटं इंजिन चालू लागलं, दूध थंड राहू लागलं, गोठ्यात दिवा लागला. थोरली त्या दिव्याखाली उभी राहून गाईंशी बोलायची. चार दिवस सगळे शहाण्यासारखे वागले.

तेवढ्यात धाकट्याला गणित सुचलं. ओट्यावर बसून त्यानं ते इंजिनिअरला समजावून सांगितलं. थोड्या गवतानं एवढा गॅस होत असेल, तर सगळं शेत गवताखाली घातल्यावर किती होईल? आणि गाय मध्ये हवीच कशाला?

"गाय म्हणजे मधला दलाल," तो म्हणाला. "निम्मं स्वतः खाते आणि उरलेलं आपल्याला देते."

इंजिनिअर हसला नाही. नुसत्या गवतावर टाकी आंबेल, पचवणारे जंतू शेणातूनच येतात, तेव्हा गाई ठेवा, असं तो म्हणाला. पण किती हळू म्हणाला! कपातल्या चहालाही ऐकू गेलं नसेल. कारण लवकरच राजधानीतून मोठे साहेब टाकी बघायला येणार होते. वस्तीत घरोघरी माझ्यासारख्या टाक्या होत्या. मी साहेबांना पसंत पडले तर वस्तीतली सगळी चाऱ्याची शेतं गवताखाली जाणार होती आणि इंजिनिअरची खुर्ची वर सरकणार होती.

थोरलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, साहेब तिचा गोठा बघायला येताहेत.

ही बाई म्हणजे स्वच्छतेचा अतिरेक. पाहुणे येणार म्हटलं की ही दाराच्या कड्यासुद्धा घासून काढते. तिनं फिनेलचा डबाच्या डबा आणला. गोठा धुतला, गव्हाणी धुतल्या, शेणाच्या पाट्या धुतल्या, कुंडी तर आतून-बाहेरून घासली. आणि ते सगळं पांढरं पाणी कुठं गेलं? माझ्या पोटात. जे जंतू मारायला फिनेल बनवतात, तसल्याच जंतूंवर माझा संसार चालतो. दोन दिवसांत माझी टोपी पार तळाला गेली.

इंजिनिअर कुंडीवर वाकला, त्यानं वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं फिनेलचं विचारलं.

"मग काय साहेबांना घाण दाखवू?" थोरली म्हणाली.

पुढचा प्रकार सांगताना मलाच लाज वाटते, त्यांना कुणाला वाटली नाही. धाकट्यानं वस्तीतले तिघे बोलावले, चौघांनी मिळून माझी टोपी उचलली आणि ती वर दिसावी म्हणून कडेखाली लाकडी ओंडके सारले. भिंतीआड बाजारातला सिलिंडर ठेवून त्याची नळी माझ्या शेगडीला जोडली. साहेब आले. निळी ज्योत बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. ओंडक्यांवर बसलेल्या टोपीवर थाप मारून ते म्हणाले, ही देशाची ताकद आहे. इंजिनिअर जमिनीकडे बघत होता. धाकटा मात्र असा ताठ उभा होता, जसं काही गॅस त्याच्याच पोटातून येत होता.

संध्याकाळी थोरलीला खरी गोष्ट कळली. चाऱ्याचं शेत गवताखाली जाणार होतं.

"आणि गाई काय खातील, भाऊजी?"

धाकट्यानं छताकडं बघितलं. "गाईंचं बघू, वहिनी."

त्यानं काय बघितलं? गुरांचा व्यापारी बघितला. मधल्या काळात त्याच गाईंच्या ताज्या शेणानं माझं पोट ताळ्यावर आणलं होतं, टोपी पुन्हा आपल्या बळावर चढू लागली होती. हे दिसत असूनही त्यानं एकेक गाय गाडीत चढवली. गाई थोरलीच्या, पण चारा त्याच्या शेतातला, तेव्हा तिचं काही चाललं नाही. साहेबांनी वाजवलेल्या टाळ्या ऐकून अख्ख्या वस्तीनं तेच केलं. थोरलीची एक गाय तेवढी राहिली, लंगडी. ती व्यापाऱ्याला नको होती. गाडी गेल्यावर थोरली रिकाम्या गोठ्यात झाडू घेऊन उभी राहिली. झाडण्यासारखं काही नव्हतं, तरी ती झाडत होती. मला तिची दया आली. फिनेलचा राग तिथंच संपला.

त्यानंतर मला रोज नुसतं गवत. सकाळी गवत, संध्याकाळी गवत. सुरुवातीला धाकटा टोपीकडं बघून हात चोळायचा. मग माझं पोट आंबट झालं. गॅस पेटेना, नुसती आंबूस वाफ येऊ लागली. इंजिन बंद पडलं, त्याबरोबर दूध थंड ठेवायची पेटीही, आणि तसं पाहिलं तर तिच्यात ठेवायला दूध तरी कुठं होतं? बाहेर पुरुषभर उंचीचं गवत डुलत होतं. नजर जाईल तिथवर इंधनच इंधन, आणि घरात चहाला आधण ठेवायची सोय नाही.

धाकट्यानं सगळा दोष माझ्यावर ढकलला, टाकीच मुळात खराब आहे म्हणाला. ज्या गवंड्यानं मला बांधलं त्याचाही उद्धार झाला. शेवटी इंजिनिअर आला. या वेळी तो मोठ्यानं बोलला, कारण खुर्ची वर सरकून झाली होती. ताजं शेण हवं, त्याशिवाय इलाज नाही.

मग धाकटा बादली घेऊन वस्तीत हिंडला. पूर्वी जिथं शेण चुकवत चालावं लागे, तिथं आता शेणाचा एक पोही मिळेना. ज्याच्या दारात जावं तोही बादलीच घेऊन उभा. घरोघरी टाक्या आंबल्या होत्या. दुपारी तो हात हलवत परत आला आणि गोठ्याच्या दाराशी थांबला. आत लंगडी उभी होती. थोरली तिला खरारा करत होती. गवताच्या शेतातून उरलासुरला हिरवा पाला वेचून तिनं या जनावराला जगवलं होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "जरा शेण हवं होतं."

थोरलीनं खरारा खाली ठेवला. तिच्या तोंडावर ना राग होता, ना हसू.

"देते की. पण आधी तिच्यापुढं गवत टाका."

माझ्यासाठी कापलेला भारा धाकट्यानं मुकाट्यानं उचलला आणि त्या मधल्या दलालापुढं टाकला. लंगडी खायला लागली. ती सावकाश खाते, आणि तिला देशाच्या गरजा कळत नाहीत.

तर सध्या माझी अवस्था ही अशी आहे. टोपी तळाला, पोट आंबट, आणि देशाचं इंधन हातात बादली घेऊन एका लंगड्या गाईच्या मागं उभं आहे. एका गाईच्या जोरावर मी सावरायला फार दिवस लागतील, पण सावरेन. थोरलीनं वासरू बघून ठेवलंय, असं कानावर आलंय. तुम्हाला मला बघायला यायचं असेल तर खुशाल या. एवढीच विनंती, की येण्याआधी कळवू नका.